सुकतीची वेळ

"नाराज," टाकी बोलली.

कस्तुरीनं सायकल अंगणात आडवी टाकली, चपला दोन दिशांना उडवल्या आणि घरात शिरली. टाकीसमोर आई उभी. पँट गुडघ्यापर्यंत ओली, डोक्याला टॉवेल, हातात कालवांनी भरलेला डबा. आणि काचेच्या आत, निळ्या उजेडात, प्रवाळ मूठ आवळल्यासारखं बंद.

"बघ! परत," कस्तुरी म्हणाली. "तू इलंस की मिटता."

"मी आत्ता पाय ठेवलंय गो घरात. डबो पण खाली ठेवूक नाय."

"संभाव्य कारण," टाकी बँकेतल्या बाईसारख्या गोड आवाजात म्हणाली, "व्यक्ती दोन."

घरात माणसं दोनच. व्यक्ती एक म्हणजे कस्तुरी मेथर, वय सतरा. व्यक्ती दोन म्हणजे तिची आई, रेश्मा. बाबा मालवाहू जहाजावर. टाकीनं त्यांना अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

"माझा नाव पण घेणा नाय मेली," आई म्हणाली आणि डबा घेऊन मोरीत गेली.

टाकी घरात येऊन चौदा महिने झाले होते. त्याआधी लागोपाठ तीन उन्हाळे समुद्र असा तापला होता की कातळेवाडीच्या खडपावरची, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावरची, प्रवाळं पांढरीफटक पडली. प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो प्राणी चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे एकमेकांना चिकटून राहतात, आणि ती दगडी चाळ स्वतःच बांधतात. प्रत्येकाच्या कातडीत बारीक शेवाळ भाडेकरू. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं आणि मालकाला जेवू घालतं. पाणी दोन अंश जास्त तापलं की दोघांचं बिनसतं, प्रवाळ शेवाळाला हाकलून देतं आणि मग स्वतःच उपाशी मरतं.

म्हणून प्रवाळ केंद्रानं जगलेवाचलेले तुकडे लोकांच्या घरी सांभाळायला दिले. पुणे, सोलापूर, नागपूर, मिळून बाराशे घरं. समुद्र निवला की परत नेऊन लावायचे. खुद्द कातळेवाडीत टाकी एकच, कस्तुरीची. नववीत गणिताच्या सरांनी फळ्यासमोर उभं करून हसं केलं तेव्हा तिनं खडू सरांच्या कपाळावर मारला होता आणि दप्तर न घेता घरी आली होती. ते दप्तर अजून शाळेतच आहे. पण केंद्राच्या चाचणीत, वीस तुकड्यांपैकी आजारी कुठला हे तिनं नुसतं बघून सांगितलं. दीड वर्ष प्रवाळ धड ठेवलंस तर केंद्रात कायमची कामाला घेऊ, असं तिथल्या तिरोडकर मॅडम म्हणाल्या होत्या. चौदा महिने झाले. चार राहिले.

आणि आता हे.

बोलणारं यंत्र खरं तर टाकीत नव्हतं. केंद्रानं तीन महिन्यांपूर्वी प्रवाळाच्या कडेला केसाएवढं एक सूत डकवलं होतं. कुठलाही जिवंत प्राणी अंगातून थोडीशी वीज खेळवतो. ती वीज, प्रवाळ सोडतं तो चिकट स्राव आणि समोरच्या कॅमेऱ्यातलं चित्र, हे सगळं जुळवून यंत्र प्रवाळाची तब्येत सांगायचं. शब्द चार: खूश, उपाशी, नाराज, आजारी. पिढ्यानपिढ्या टाक्यांतच वाढलेल्या लाखो प्रवाळांवरून ते शिकलं होतं. कारण शोधायची त्याची रीत सरळ होती. प्रवाळ बिघडलं तेव्हा घरात वेगळं काय होतं? दिवा, पंखा, पाण्याची गरमी, माणूस. जे पुन्हा पुन्हा सापडेल त्याच्याकडे बोट दाखवायचं.

ते बोट तीन महिने आईकडे होतं.

कस्तुरीनं सुरुवातीला यंत्राचं ऐकलं नाही. खारटपणा मोजला, बरोबर. कॅल्शियम तपासायचे थेंब टाकून रंग बघितला, बरोबर. पंप उघडून घासला. पाण्यात वीज उतरतेय का ते मीटर लावून बघितलं. दगडाखालची एक टीचभर चिंबोरी दोन दिवस खपून पकडली आणि समुद्रात सोडून आली. चिंबोरी बिचारी निर्दोष निघाली. मग उरली व्यक्ती दोन.

"हात साबणान धुतंस?"

"मगे काय मातीन धुवू?"

"साबण नको. नुसत्या पाण्यान धू. आणि खोबरेल लावू नको. अगरबत्ती पण बंद."

आईनं साबण सोडला, खोबरेल सोडलं, अगरबत्ती मागच्या पडवीत नेली. कालवांच्या वासामुळे असेल म्हणून डबा बाहेरच्या बाहेर ठेवायला लागली. हातातली तांब्याची अंगठी काढली, कारण तांबं प्रवाळाला विष. तरी दर पंधरवड्याला तीन-चार दिवस संध्याकाळी ते मिटलेलंच. आणि हेच ते दिवस, जेव्हा आई टाकीसमोर दिसायची. एरवी ती कोळंबीच्या कारखान्यात दुपारची पाळी करायची, घरी येईपर्यंत टाकीचे दिवे विझलेले. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ती कारखान्याला दांडी मारून खडपावर जायची. ओहोटीला त्या बाजूला सुकती म्हणतात. उधाणाची सुकती मोठी, खडप खूप आतपर्यंत उघडं पडतं, आणि कातळाला चिकटलेले कालवांचे शिंपले फोडायला तेच दिवस. निघताना बोटांवर मोजत पुटपुटायची, "तेरा पाऊण पावणेदहा," आणि कोयती उचलायची. कस्तुरीनं ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येणंच बंद झालं होतं.

त्या संध्याकाळी केंद्राचा निरोप आला. यंत्रानं लिहिलेला, मॅडमची सही असलेला. पुढच्या अमावास्येपर्यंत सुधारणा नसेल तर प्रवाळ परत नेण्यात येईल. तोवर व्यक्ती दोनने घरापासून दूर राहिल्यास उत्तम.

कस्तुरीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. दाखवायला नको होता.

"म्हणजे माझ्या घरातसून मीच जावू?" आई म्हणाली.

"मी खय म्हटलंय जा म्हणून!"

"तुझा थोबाड म्हणता. हात धुतलंय, तेल सोडलंय, आता काय कातडी सोलून खुंटीक लावू?"

"लाव! लाव नायतर!" कस्तुरी ओरडली. "माझ्याकडे ह्या एकच आसा, ह्या एकच, आणि ता तुझ्यामुळे मरता!"

आईनं दोन कपडे पिशवीत भरले, कोयती घेतली आणि वाडीच्या दुसऱ्या टोकाला बायोमावशीकडे निघून गेली. जाताना टाकीकडे बघून एवढंच म्हणाली, "खूश ऱ्हव गो बाय." ते प्रवाळाला म्हणाली की मुलीला, हे कस्तुरीला कळलं नाही.

आणि प्रवाळ खूश झालं!

पुढचे दहा दिवस ते असं फुललं की बघत राहावं. हिरव्या-तपकिरी बोंडांतून हजारो बोटं बाहेर, पाण्याबरोबर डुलतायत. टाकी रोज चार वेळा सांगायची, "खूश." सकाळी खूश, दुपारी खूश. कस्तुरी समोर बसून कालचा भात खायची. सिद्ध झालं होतं ना सगळं? मग रोज ताटात अर्धा भात का उरत होता, ते सांगायला टाकीकडे शब्द नव्हता.

अकराव्या दिवशी, बुधवारी, ती केंद्राच्या रोजच्या दुपारच्या वर्गाला गेली नाही. उगाच. डोकं जड होतं. ऐन सकाळी फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांवर किणकिणत होते. उधाणाच्या भरतीला लाटा खालच्या कड्यावर आपटल्या की ते नेहमीच किणकिणतात. दुपारी सगळं शांत झालं. ती टाकीसमोर सतरंजीवर आडवी पडली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत प्रवाळाची एक बाजू आत गेली. मग दुसरी. गर्दीतली माणसं घरात शिरून दारं लावून घेतात तशी. दहा मिनिटांत सगळं बंद, वर चिकट तकाकी. घड्याळात पावणेचार.

"नाराज," टाकी म्हणाली. "संभाव्य कारण: व्यक्ती दोन."

"अगे, ती घरात नाय! दहा दिवस नाय!"

"व्यक्ती दोनचे अवशेष घरात असू शकतात. कपडे तपासा."

कस्तुरीनं उशी उचलून स्पीकरवर मारली. मग थांबली. तिची चीड अशी होती की एकदा बाहेर पडली की मागे डोकं एकदम थंड आणि लख्ख व्हायचं. आजपर्यंत हे मिटताना तिनं पाहिलंच नव्हतं. ती यायची वर्गावरून साडेसहाला, तेव्हा ते मिटलेलं असायचं आणि आई समोर असायची. यंत्र तरी काय सांगायचं? दिवसाचे चार तुकडे, त्यातला एक "संध्याकाळ". संध्याकाळी मिटलं, संध्याकाळी आई दिसली. आधी काय आणि मागून काय, ते कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेनानं लिहिलं: पावणेचार.

गुरुवारी ती दोनपासूनच बसली. पावणेचार झाले, प्रवाळ उघडं. चार, उघडं. साडेचारला बाजू आत गेली.

"पाऊण तास उशीर," ती प्रवाळाला म्हणाली. "काल पावणेचार, आज साडेचार. कोणाची वाट बघी होतस रे?"

टाकीनं कपडे तपासायला सांगितलं. कस्तुरीनं चपला घातल्या आणि बायोमावशीचं घर गाठलं. आईला काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. भांडायचं की काय, तेही ठरलं नव्हतं.

"आवस खय तुझी? खडपार," मावशी म्हणाली. "आज चतुर्दशी मां. सुकती मोठी."

खडपावर उतरताना पायाखाली सगळं काळं, ओलं, धारदार. पाणी पार लांब गेलेलं. आई उकिडवी बसून कोयतीच्या टोकानं कालवं फोडत होती, टक, टक. तिनं मान वर केली नाही.

"काय म्हणता तुझो धोंडो? खूश?"

"नाय. मिटलो. तू नसताना मिटलो."

टक. "मगे?"

कस्तुरी उत्तर देणार होती, पण तिची नजर आईच्या पायाशी गेली. उथळ खळग्याच्या कडेला, पाण्याबाहेर, मुठीएवढं एक प्रवाळ होतं. उन्हाळ्यांतून जगलेलं, इथे फार तर चार-पाच असतील. ते मिटलेलं होतं. वर चिकट तकाकी. हुबेहूब.

"आये, ह्या मेलाहा?"

"मेला कशाक? सुकती लागली की मिटता ता. अंगार शेंबूड ओढून घेता. नायतर उन्हान सुकान नाय मरूचा? पाणी इला की उघडात."

"किती वाजता मिटला?"

"माझ्याकडे घड्याळ आसा काय? चौदा पाऊण साडेदहा. साडेदहाक पुरी भरती. त्यात सहा घाल."

साडेदहात सहा. साडेचार.

कस्तुरी ओल्या दगडावर बसली आणि बोटांवर मोजू लागली. "काल तेरा पाऊण पावणेदहा. म्हणजे सुकती पावणेचारक. आणि उद्या..."

"पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वापाच. तिथीची पाऊणपट म्हणजे भरती, ह्या काय नवीन? माझ्या आजयेन शिकवल्यान. तुका गणित नको होता, म्हणून तुका नाय सांगलंय."

"आये, माझो धोंडो टाकीत आसा. पाण्यात. चौदा महिने. आणि तो सुकतीक मिटता!"

आता आईनं कोयती खाली ठेवली. तिनं तोंडावरचा घाम दंडानं पुसला आणि हळूच म्हणाली, "ह्याच खडपावरचो तो. केंद्रवाल्यांका मीच दाखवलेलंय." मग तिला हसू आलं. "म्हणजे मी हय सुकतीक येतंय, तो थय सुकतीक मिटता, आणि मी घरी पोचलंय की मशीन म्हणता माका बघून मिटलो!"

"तुका आधीच ठावक होता तर सांगलंस नाय कशाक?"

"माका काय ठावक तो कधी मिटता? तू म्हटलंस नाराज आसा. वेळ सांगलंस कधी?" आईनं कोयती पुन्हा उचलली. "मशीनीक इचारलंस. माका खय इचारलंस?"

कस्तुरीला माफी मागता येत नाही. तिला तो शब्द तोंडात घासतो. तिनं आईच्या पिशवीतली दुसरी कोयती काढली, शेजारी उकिडवी बसली आणि कालवं फोडायला लागली. पाच फोडली, दोन बोटं कापून घेतली.

"बाजूक हो," आई म्हणाली. "अर्धी फुकट घालवलंस. उद्या घरी येव ना मी?"

"नको."

आईची कोयती हवेतच थांबली.

"उद्या नको. उद्या अमावास्या, मॅडम येतली. तू हय ऱ्हव, खडपार, उघड्यार. खिडकीतसून दिसशी अशी. परवा ये."

शुक्रवारी चार वाजता तिरोडकर मॅडम आल्या. हाडकुळ्या, चष्मा कपाळावर, हातात प्रवाळ न्यायचा थंड डबा. प्रवाळ पूर्ण फुललेलं होतं.

"खूश," टाकी म्हणाली.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आईला दूर ठेवल्याचा उपयोग झाला."

"मॅडम, सव्वापाचला मिटेल."

"काय?"

"हे. सव्वापाचला मिटेल. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. तुमच्या मशीनला विचारा, तिला आत्ताच सांगता येतं का बघू."

मॅडमनी डबा खाली ठेवला. कस्तुरीनं चहा केला, त्यात साखर जास्त पडली. पाच वाजले. पाच दहा. सव्वापाच. प्रवाळ डुलतंय, बोटं बाहेर, अगदी मजेत. पाच सतरा. पाच अठरा. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पाच वीसला एक बाजू आत गेली.

"नाराज. संभाव्य कारण: व्यक्ती दोन."

कस्तुरीनं खिडकीची झडप सताड उघडली. खाली उघडं पडलेलं काळं खडप, आणि त्याच्या अगदी टोकाला, पाण्याजवळ, डोक्याला टॉवेल बांधलेला एक ठिपका.

"ती बघा व्यक्ती दोन."

मग तिनं सगळं सांगितलं. कॅलेंडरचे चौकोन दाखवले. पाऊणपट सांगितली, जी तिला कालपर्यंत येत नव्हती. पहाटेही मिटत असणार, पण तेव्हा दिवे बंद, कोण बघतंय. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत सुकती लहान, तेव्हा खडपाचा तो भाग पाण्याखालीच राहतो, म्हणून मधले दहा दिवस हे उघडंच.

मॅडम बराच वेळ काचेला नाक लावून होत्या. "टाकीत भरती-ओहोटी नाही. घड्याळ मिळवायला काहीतरी लागतं. आमच्याकडच्या टाक्यांत दोन-तीन महिन्यांत विसरतात सगळी. हे कशावरून लक्षात ठेवतंय?"

"पेले," कस्तुरी म्हणाली.

"पेले?"

"फडताळातले. भरतीला लाटा कड्यावर आपटतात. घर जांभ्यावर आहे, टाकी घरात आहे. आपल्याला पेले वाजल्यावर कळतं. ह्याला त्याच्या आधी कळत असेल. हादरे थांबले की हे समजतं, पाणी गेलं."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "किंवा नसेल."

"मग बघू ना. पौर्णिमेला टाकीखाली जाड थर्माकोल घालू. हादरे अडले तर हे चुकेल."

मॅडम वळल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "गेल्या वर्षी आम्ही साठ तुकडे परत खडपावर लावले होते. सोलापूरच्या टाक्यांतले, यंत्राच्या मते सगळे खूश. पहिल्या उधाणाच्या सुकतीत साठच्या साठ मेले. उघड्या तोंडानं, उन्हात वाळून. आम्ही पाण्याला दोष दिला."

"मिटायचं विसरले होते," कस्तुरी म्हणाली.

"आणि जे आठवण ठेवून होतं, त्याला आम्ही नाराज म्हणत होतो."

थंड डबा रिकामाच परत गेला.

शनिवारी आई पिशवी घेऊन घरी आली. आल्या आल्या तिनं अगरबत्ती पडवीतून आत आणली, अंगठी बोटात घातली आणि डोक्याला पसाभर खोबरेल थापलं.

पौर्णिमेला टाकीखाली थर्माकोल घातलं. पहिल्या दिवशी प्रवाळ अर्धा तास चुकलं, दुसऱ्या दिवशी दीड तास. तिसऱ्या दिवशी भलत्याच वेळी अर्धवट मिटून परत उघडलं, पत्ता चुकलेल्या माणसासारखं. कस्तुरीला ते बघवेना. तिनं थर्माकोल ओढून काढलं. पुढच्या अमावास्येला गाडी रुळावर. मॅडमनी कळवलं की नागपूर-सोलापूरचे तुकडे आता समुद्रकाठच्या घरांत हलवायचे, त्यांना पुन्हा शिकवता येतं का बघायचं. घरं कातळावरचीच हवीत. ती शोधायला दोन माणसं लागतील, एक प्रवाळ ओळखणारं आणि एक खडप ओळखणारं. कस्तुरीनं दुसऱ्या नावापुढे रेश्मा मेथर लिहिलं आणि अर्ज आईपुढे सहीला धरला. आईनं तो दोनदा वाचून घेतला, मग म्हणाली, "उधाणाचे चार दिवस सोडून येईन. तेव्हा कालवां."

यंत्राच्या चार शब्दांत पाचवा घालायची परवानगी मॅडमनी कस्तुरीलाच दिली. ओहोटी घालू, असं त्या म्हणाल्या होत्या. कस्तुरीनं दुसराच घातला.

पुढच्या चतुर्दशीला दुपारी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. प्रवाळाची एक बाजू आत गेली, मग दुसरी.

"सुकती," टाकी बँकेतल्या बाईच्या आवाजात म्हणाली.

आईनं सूप बाजूला ठेवलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि कोयती उचलली. दारातून टाकीकडे वळून ती म्हणाली, "पाच मिनटां पुढे आसस मेल्या. थय अजून घोटाभर पाणी आसतला."

"त्याका सांगू नको," कस्तुरी चपला शोधत म्हणाली. "थांब, मी पण येतंय."